प्लास्टर की वॉकर बूट? आधी हाड कुठे मोडलंय ते बघू

प्रश्न: मी 48 वर्षांची, चिपळूणला शाळेत शिक्षिका आहे. मागच्या आठवड्यात भर पावसात एसटीतून उतरताना शेवटची पायरी चुकली आणि उजवं पाऊल आतल्या बाजूला मुरगळलं. एक्स-रेमध्ये करंगळीच्या मागच्या लांब हाडाच्या बुडाशी फ्रॅक्चर निघालं. इथल्या डॉक्टरांनी कच्चं प्लास्टर घातलं आणि सूज उतरल्यावर सोमवारी पक्कं घालू म्हणाले. माझ्या भाचीने पुण्यात एका हाडाच्या डॉक्टरांना एक्स-रेचे फोटो दाखवले. ते म्हणाले, "एव्हल्शन फ्रॅक्चर आहे, तुकडा फारसा सरकलेला नाही, वॉकर बूट घाला आणि झेपेल तेवढं चाला." आता घरात दोन पक्ष पडलेत. मिस्टर म्हणतात, पक्कं प्लास्टर घालून टाक, हाड हलायचा प्रश्नच नको. भाची म्हणते, बूटच घे मावशी. सासूबाईंचं म्हणणं, हाडवैद्याकडून बांधून आणावं. आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. मला नऊ वर्षांपासून शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. शाळेत स्कूटरने जाते. गणपती पाच आठवड्यांवर आलेत. काय करू?

उत्तर:

ताई, आधी सरळ उत्तर देते, कारण पाय उशीवर ठेवून बसलेल्या माणसाला लांबण नको असतं. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं ते खरोखरच एव्हल्शन फ्रॅक्चर असेल आणि तुमच्या तळपायांना स्पर्श नीट कळत असेल, तर वॉकर बूट, म्हणजे पट्ट्यांनी बांधायचा आणि काढता येणारा कडक बूट, घ्या. या दोन्ही गोष्टी सोमवारी तपासून घ्यायच्या. यातली एक जरी वेगळी निघाली तर माझं उत्तरही बदलेल, आणि मग तुमच्या मिस्टरांचं म्हणणं बरोबर ठरेल.

तुमच्या गावच्या डॉक्टरांनी काही चुकीचं केलं असं मनात आणू नका. पहिल्या आठवड्यात पाऊल सुजलेलं असतं, त्यावर चारी बाजूंनी बंद असलेलं पक्कं प्लास्टर घातलं तर आत वाढणाऱ्या सुजेला जागाच राहत नाही. म्हणून एका बाजूने उघडी असलेली पट्टी घालून वर बँडेज गुंडाळतात. आपण तिला कच्चं प्लास्टर म्हणतो, डॉक्टर स्लॅब म्हणतात. ती घालणं योग्यच होतं. प्रश्न पुढच्या पाच-सहा आठवड्यांचा आहे.

पावलाच्या बाहेरच्या कडेने बोट फिरवत मागे आलात की साधारण मध्यावर एक उंचवटा लागतो. तुम्हाला तो आत्ता हात लावू देणार नाही इतका दुखत असेल. दुसऱ्या पायावर बघा, नक्की सापडेल. करंगळीमागच्या त्या लांब हाडाचं, म्हणजे पाचव्या मेटाटार्सलचं, ते बूड. पोटरीच्या बाहेरून घोट्यामागून येणारा एक स्नायुबंध तिथे चिकटलेला असतो, तळव्यातला एक जाड पट्टाही तिथेच धरलेला असतो. पाऊल अचानक आत वळलं की हे दोन्ही ताणले जातात आणि टोकाचा कपचा ओढून काढतात. हे एव्हल्शन फ्रॅक्चर. या टोकाला रक्तपुरवठा भरपूर असतो, त्यामुळे ते बहुतेक वेळा बिनतक्रार जुळतं. चाललं तरी जुळतं.

पण त्याच हाडावर, त्या टोकापासून दीड-दोन सेंटिमीटर पुढे, एक अवघड जागा आहे. हाडाला दोन दिशांनी रक्त येतं, आणि ही जागा नेमकी त्या दोन प्रवाहांच्या मधल्या कोरड्या पट्ट्यात पडते. तिथलं फ्रॅक्चर सावकाश जुळतं, कधी कधी जुळतच नाही. त्याला जोन्स फ्रॅक्चर म्हणतात. लिव्हरपूलचे सर्जन रॉबर्ट जोन्स नाचताना पावलाच्या बाहेरच्या कडेवर पडले आणि त्यांचं स्वतःचंच हे हाड मोडलं. 1902 मध्ये त्यांनी स्वतःच्या आणि आणखी काही रुग्णांच्या पायांवर लेख लिहिला, तेव्हापासून हे नाव चिकटलं. तोवर एक्स-रेचा शोध लागून जेमतेम सात वर्षं झाली होती. एवढ्याशा मुरगळण्याने इतकं जाड हाड मोडतं हे एक्स-रेशिवाय कोणाला पटलंही नसतं.

हे एवढं सविस्तर सांगण्याचं कारण असं की तुमच्या घरातला सगळा वाद या दीड-दोन सेंटिमीटरवर ठरणार आहे. जोन्स फ्रॅक्चर असेल तर साधारण सहा ते आठ आठवडे प्लास्टर आणि त्या पायावर अजिबात भार नाही, कुबड्या किंवा हातात धरायची चौकट घेऊनच फिरायचं, हा नेहमीचा मार्ग. खेळाडूंना तर बऱ्याचदा हाडातून स्क्रूच घालतात, कारण वाट पाहून न जुळल्याचं कळणं त्यांना परवडत नाही. एव्हल्शन असेल तर बूट, किंवा कडक तळाची चप्पल-बूटही पुरते, आणि दुखणं सोसवेल तेवढा भार पहिल्यापासून टाकता येतो.

"पाचव्या मेटाटार्सलच्या बुडाशी फ्रॅक्चर" या एका वाक्यात दोन्ही बसतात. रिपोर्टमध्ये तेवढंच लिहिलेलं असतं आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. भाचीने पाठवलेला मोबाइलवरचा फोटोही पुरेसा नाही. तिरका काढलेला किंवा बल्बसमोर धरून टिपलेला एक्स-रे पाहून कोणीही चुकू शकतं. सोमवारी डॉक्टरांना मूळ फिल्म समोर धरून एवढंच विचारा: "ही रेघ चौथ्या आणि पाचव्या हाडाच्या मधल्या सांध्याकडे जातेय, की त्याच्या मागेच आहे?" मागेच असेल तर एव्हल्शन. त्या सांध्यात शिरत असेल तर जोन्स. त्याच्याही पुढे, हाडाच्या दांड्यात असेल तर तो वेगळाच प्रकार, बऱ्याचदा ताणाने हळूहळू पडलेला तडा, आणि तोही हट्टी. दुसरा प्रश्न: तुकडा किती सरकलाय? दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त सरकला असेल किंवा सांध्याच्या पृष्ठभागाचा बराच भाग त्यात गेला असेल, तर ऑपरेशनचाही विचार होतो. तुमच्या बाबतीत "फारसा सरकलेला नाही" म्हणालेत, तेव्हा ती वेळ येऊ नये.

आता मिस्टरांच्या म्हणण्याकडे येते. हाड हलायला नको ही त्यांची काळजी चांगली आहे, पण प्रत्येक हाडाला तेवढी जखडबंदी लागत नाही, आणि जखडण्याची किंमत मोजावी लागते. प्लास्टर गुडघ्याखालून बोटांपर्यंत येतं. सहा आठवड्यांनी ते कापलं की आतून निघालेली पोटरी दुसऱ्या पायाच्या शेजारी ठेवून बघा, बारीक झालेली डोळ्यांना दिसते. घोटा आखडलेला असतो, उकिडवं बसणं तर सोडाच, जिना उतरतानाही टाच खाली टेकत नाही. मग पुढचा महिना तो सैल करण्यातच जातो. 1997 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याच एव्हल्शन फ्रॅक्चरचे दोन गट केले होते: एकाला प्लास्टर, दुसऱ्याला नुसतं मऊ जाड बँडेज. बँडेजवाले सरासरी 33 दिवसांत नेहमीच्या कामाला लागले, प्लास्टरवाले 46 दिवसांत. हाड दोन्हीकडे जुळलं. वर आपल्याकडचा जुलै-ऑगस्ट. प्लास्टर फायबरचं असलं तरी पाण्याने बिघडत नाही ते फक्त बाहेरचं कवच. आतला कापूस एकदा भिजला की चिपळूणच्या हवेत तो वाळणार कधी? आत त्वचा पांढरी पडते, सोलवटते, वास मारायला लागतो, आणि खाज सुटली की घराघरांतून विणायच्या सुया बाहेर निघतात. त्या सुईने झालेली जखम, तीही शुगर असलेल्या माणसाच्या पायाला, कोणाच्या लक्षातही येत नाही.

तेव्हा शुगरबद्दल. हाच तुमच्या पत्रातला मला सगळ्यात जास्त काळजीत टाकणारा भाग आहे आणि पत्रात तो जाता जाता आलाय.

"झेपेल तेवढं चाला" हा सल्ला दुखण्यावर विसंबून असतो. जास्त झालं की दुखतं, दुखलं की माणूस थांबतं. नऊ वर्षांच्या शुगरनंतर काहींच्या तळव्यांच्या नसा मंदावलेल्या असतात. त्यांना दुखतच नाही, किंवा फार कमी दुखतं, आणि ते मोडक्या पावलावर चालत राहतात. बुटाचा एखादा कडक काठ किंवा आत अडकलेला खडा त्यांना कळत नाही. तुम्हाला दुखतंय हे खरं, आणि ती चांगली खूण आहे, पण तेवढ्यावर राहू नका. घरीच करता येईल अशी एक तपासणी आहे. झोपून डोळे मिटा. मिस्टरांना सांगा, दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, अशा सहा ठिकाणी बोटाच्या टोकाने अलगद स्पर्श करा, एक-दोन सेकंद, दाबायचं नाही, हलवायचं नाही, क्रम उलटसुलट. स्पर्श कळला की तुम्ही "उजवा" किंवा "डावा" म्हणायचं. बोटं प्लास्टरच्या बाहेर आहेत, त्यामुळे हे आजही करता येईल. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर संवेदना कमी झालीये असं धरायचं आणि सोमवारी हे आधी सांगायचं. डॉक्टर मग नायलॉनच्या बारीक तंतूने आणि थरथरणाऱ्या काट्याने नीट तपासतील. सहाही ठिकाणी कळलं तरी ही तपासणी करून घ्या. शुगर असलेल्या प्रत्येकाची ती वर्षातून एकदा व्हायलाच हवी आणि बहुतेकांची होत नाही.

संवेदना गेलेल्या पायाला मी सहज काढता येणारा बूट सुचवणार नाही. त्यांच्यासाठी पायाच्या आकाराला घट्ट बसणारं, सगळ्या तळव्यावर भार वाटून देणारं प्लास्टर असतं, आणि ते दर आठवड्या-दोन आठवड्यांनी बदलून आत बघावं लागतं. आपल्या देशाचा यात मोठा वाटा आहे. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरुग्णांच्या बधिर तळव्यांवरच्या जखमा अशा प्लास्टरने भरून आणत, आणि पुढे ते अमेरिकेत गेले तेव्हा हीच पद्धत तिथे मधुमेहाच्या रुग्णांसाठी वापरली गेली. काही ठिकाणी काढता येणाऱ्या बुटावरच प्लास्टरची पट्टी गुंडाळून तो न काढता येणारा करतात. ही युक्तीही चांगली चालते. आणि एक लक्षात ठेवा: पुढच्या काही महिन्यांत दोन्हीपैकी कुठलंही पाऊल विनाकारण लाल, गरम आणि सुजलेलं दिसलं, फारसं दुखत नसलं तरी, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. शुगरमुळे नसा मंदावलेल्या पायाची हाडं अशी आतल्या आत ढासळू शकतात, आणि ते वेळेत ओळखलं तर पाऊल वाचतं.

सहाही बोटांना स्पर्श कळला, फ्रॅक्चर एव्हल्शनचंच निघालं, असं धरून पुढे लिहिते.

बुटाची अडचण अशी की तो पायात असेल तेवढाच वेळ काम करतो. आणि आपल्याकडे तो पायातून निघतो कुठे? स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर. बूट दिसतो चपलेसारखा, त्याला तळ आहे, पट्टे आहेत, आणि चप्पल घालून ओट्यापाशी किंवा देवासमोर जायचं नाही हे आपल्या हाडात भिनलेलं. मग बायका काय करतात? दिवाणखान्यात सोफ्यावर पाय लांब करून बसताना बूट घालतात, आणि ओट्यापाशी तासभर उभं राहताना काढून ठेवतात! म्हणजे जिथे भार पडत नाही तिथे संरक्षण, आणि जिथे पडतो तिथे उघडा पाय. मी हे इतक्यांदा पाहिलंय की आता बूट लिहून देण्याआधी स्वयंपाकघराबद्दल विचारते. पायाच्या जखमा असलेल्या मधुमेही रुग्णांवर 2003 साली एक अभ्यास झाला होता. दिवसभरातल्या हालचालीपैकी फक्त 28 टक्के हालचाल होताना तो बूट त्यांच्या पायात होता. त्यांचे पाय दुखत नव्हते, हे खरं. पण दुखणाऱ्यांचंही दुसऱ्या आठवड्यापासून दुखणं कमी होतं आणि "दोन मिनिटांसाठी कशाला घालायचा" सुरू होतं.

तेव्हा घरात आधीच ठरवून टाका. हे प्लास्टरच आहे, फक्त पट्ट्यांचं. प्लास्टर घातलेल्या बाईला कोणी स्वयंपाकघराबाहेर थांबवत नाही. सासूबाईंनाही हे तुम्हीच नीट सांगा, त्या ऐकतील. त्यांना तुमचा पाय बरा व्हायलाच हवाय. घरात वापरताना तळ ओल्या फडक्याने पुसून घ्या. देवघरात तर पाच-सहा आठवडे दुसऱ्या कोणी पूजा केली तर चालेल.

दुसरी अडचण माणसांची आहे. प्लास्टर दिसलं की घर आपोआप थांबतं. शेजारी भाजी आणून देतात, मुलं पाण्याचा तांब्या हातात देतात. बूट दिसला की लोकांना वाटतं, चालतेय की, बरी झाली. शाळेतही तेच होईल, वर्गावर उभं राहायचं, जिन्याने वर-खाली करायचं. बूट चालायला परवानगी देतो, दिवसभर उभं राहायला देत नाही. पहिले दोन आठवडे तरी पाय दिवसातला बराच वेळ हृदयाच्या उंचीच्या वर, उशांवर हवा, नाहीतर संध्याकाळी बोटं फुगतात. तुम्ही स्वतः हे मागून घेणार नसाल, मनातून "मला कोणी बसू देणार नाही" असं वाटत असेल, तर मात्र प्लास्टर घ्या. मी मनापासून सांगते. सोयीचा बूट घालून घरभर राबलेल्या पायापेक्षा गैरसोयीच्या प्लास्टरमध्ये विसावलेला पाय बरा. ते ठरवायला एक्स-रे उपयोगाचा नाही, तुमचं घर तुम्हालाच ठाऊक.

घ्यायचं ठरलं की दुकानातून मिस्टरांकरवी मागवू नका, पाय घालून बघा. उंच येतो आणि बुटका येतो; पहिले काही आठवडे नडगीपर्यंत येणारा उंच बरा. लांब सुती मोजा घाला, खुर्चीवर बसा, गुडघा काटकोनात, टाच अगदी मागच्या भिंतीला टेकवा. टाच पुढे राहिली की सगळा घोटा आत सरकत राहतो आणि फोड येतात, बहुतेकांचं इथेच चुकतं. मग आधी चवड्यावरचे पट्टे, नंतर घोट्याचा, शेवटी नडगीवरचे. हवा भरायचा पंप असेल तर पाय आवळला गेल्यासारखं नाही, धरल्यासारखं वाटेल इतकीच हवा. रोज रात्री बूट काढून टाच, घोट्याचे दोन्ही उंचवटे आणि करंगळीची बाजू बघा. वाकून दिसत नसेल तर आरसा धरा. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर तिथे बूट टोचतोय. एव्हल्शनमध्ये झोपताना बूट काढायला बहुतेक डॉक्टर हरकत घेत नाहीत, पण ते विचारून. रात्री उठून बाथरूमला जाताना मात्र परत घालायचा, झोपेत पाच पावलं का असेनात.

बुटाचा तळ जाड असतो, त्यामुळे उजवा पाय दोन-तीन सेंटिमीटर उंच होतो. डाव्या पायात पातळ स्लीपर घालून फिरलात तर आठवड्याभरात कंबर धरेल आणि तुम्हाला वाटेल की फ्रॅक्चरचा त्रास वर चढला. डाव्या पायात जाड तळाचा बूट घाला, घरातही. हाताला आधार हवाच असेल तर काठी डाव्या हातात, म्हणजे दुखऱ्या पायाच्या उलट बाजूला.

जिना चढताना चांगला पाय आधी वर, मग बूट. उतरताना बूट आधी खाली, मग चांगला पाय. कठडा सोडायचा नाही. बुटाचा तळ मागून-पुढे गोलसर असतो, पाऊल आपोआप पुढे लोळावं म्हणून, आणि तोच ओल्या फरशीवर दगा देतो. पावसात जिन्यावर पाणी येत असेल तर पुसून घेतल्याशिवाय पाय टाकू नका. पहिल्या मजल्याचा जिना दिवसातून एकदाच, तोही गरज असेल तर. अंघोळ स्टुलावर बसून, बूट काढून, पाय न टेकवता. संडास भारतीय पद्धतीचा असेल तर वर ठेवायची कमोडची खुर्ची मिळते. उकिडवं बसताना सगळा भार चवड्यावर आणि बाहेरच्या कडेवर जातो, म्हणजे नेमका तिथेच. बुटाच्या आतलं अस्तर भिजलं तर दुसरं घाला, ओलं घालू नका. बरीच दुकानं अस्तर वेगळं विकतात.

स्कूटर बंद. हाताने ब्रेक लागतो हे मला माहीत आहे, तरीही. खड्ड्यात गाडी कलली की तुम्ही उजवा पाय टेकवणार, विचार करायला वेळच नसतो. बूट सुटल्यावर, साध्या बुटात घरात न लंगडता चालता आलं आणि अचानक पाय टेकवता आला, की मग.

सासूबाईंच्या हाडवैद्याबद्दल. वर्षानुवर्षं गावांनी त्यांच्याकडे हाडं बांधून घेतली आहेत, तो विश्वास मी हसण्यावारी नेत नाही. पण या हाडाला चोळणं, ओढून बसवणं आणि घट्ट बांधणं हे तिन्ही नकोत. कपचा जागेवर आहे तो आणखी ओढला जाईल. सासूबाईंना म्हणावं, हाड आधीच जागेवर आहे, बसवायचं काही उरलेलंच नाही.

गणपतीचं विचारलंत. पाच आठवड्यांनी बहुतेक तुम्ही साध्या, कडक तळाच्या बुटात घरात चालत असाल. सहा ते आठ आठवड्यांत बऱ्याच जणांचं दुखणं जातं, काहींची संध्याकाळची सूज तीन-चार महिने रेंगाळते. जमिनीवर मांडी घालून मोदक वळायला बसणं जमेल असं मला वाटत नाही. मांडी घातली की पावलाची बाहेरची कडच जमिनीवर टेकते. टेबलाशी खुर्चीत बसून वळा. आरतीला खुर्ची ठेवा. विसर्जनाला चालत जाऊ नका.

मध्ये एक्स-रे काढला आणि रेघ अजून दिसतेय म्हणाले, तर घाबरू नका. या कपच्याची रेघ एक्स-रेवर दुखणं थांबल्यानंतरही कितीतरी दिवस दिसते. दाबून दुखत नाही, चालून दुखत नाही, तर पाय बरा झालाय. जोन्सच्या फ्रॅक्चरला मात्र हे लागू नाही, तिथे एक्स-रेवर हाड जुळलेलं दिसायलाच हवं. तंबाखू, मिश्री, सिगारेट यांनी हाड जुळायला उशीर लागतो, हे घरात कोणाच्या उपयोगी पडलं तर सांगा. व्हिटॅमिन डी एकदा तपासून घ्या. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल बहुतेकांना पुरतं. त्याहून जोरकस गोळ्या शुगरवाल्यांनी किडनीचा रिपोर्ट दाखवल्याशिवाय घेऊ नयेत.

प्लास्टर असो की बूट, काही गोष्टींना सोमवारची वाट पाहायची नाही. गोळी घेऊनही दुखणं वाढतच जातंय, बोटं निळी किंवा पांढरी पडलीत, बधिर झालीत, किंवा कोणी बोट नुसतं वर उचललं तरी पोटरीत किंवा पावलात असह्य कळ येते: तडक दवाखान्यात जा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. कच्चं प्लास्टर घट्ट वाटत असेल तर ते सैल करायला सांगा, सकाळपर्यंत सोसू नका. पोटरी सुजून दुखायला लागली तर पायात रक्ताची गुठळी झालेली असू शकते. दम लागला किंवा छातीत दुखलं तर ती गुठळी फुप्फुसात गेल्याची शंका घ्यायची आणि एक मिनिटही थांबायचं नाही. घरात कोणाला असा त्रास झाला असेल किंवा तुम्ही पाळीसाठी हार्मोनच्या गोळ्या घेत असाल, तर हे डॉक्टरांना आधीच सांगा. तोवर दर तासाला बोटं दहा-वीस वेळा हलवत राहा.

सोमवारी जाताना मूळ फिल्म, शुगरचे अलीकडचे रिपोर्ट आणि सहा बोटांची तपासणी कशी झाली ते एका कागदावर लिहून न्या. पुण्याच्या डॉक्टरांचं मत लपवू नका, "तिकडे असं म्हणाले, तुम्हाला काय वाटतं?" असं विचारा. चांगला डॉक्टर त्याचा राग मानत नाही. त्यांनी तरीही पक्कं प्लास्टरच म्हटलं तर कारण विचारा. "रेघ पुढे आहे" किंवा "संवेदना कमी वाटतेय" असं उत्तर आलं तर त्यांचं ऐका आणि प्लास्टर घाला. "आमच्याकडे नेहमी असंच करतो" एवढंच उत्तर आलं, तर बुटासाठी आग्रह धरायला हरकत नाही. पंधरा दिवसांनी दाखवायला याल, उभं राहताना-चालताना बूट पायातून काढणार नाही, हे मात्र त्यांना कबूल करा.